विलायतेतील गावकीचा न्याय



इंग्लंडातल्या एखाद्या जुन्या खेड्यात देवळासमोर, म्हणजे त्यांच्या चर्चसमोर, कधीकधी एक जाडजूड लाकडी चौकट जमिनीत रोवलेली आढळते. दोन फळ्या एकीवर एक, आणि मध्ये पाय अडकवण्यापुरती भोके. आपल्याकडचा म्हातारा माणूस ती पाहताच म्हणेल, अरे, हा तर खोडा! तिथून थोडे पुढे गेले की दगडी भिंतीचे, बिनछपराचे, एकाच फाटकाचे एक लहानसे आवार लागते. तेही ओळखायला दुभाष्या नको. तो कोंडवाडा. आपल्या देशात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा इंग्रज सरकारने १८७१ साली केला आणि गावोगावच्या कोंडवाड्यांना सरकारी नियम लागू झाले. हा कायदा करणाऱ्यांच्या स्वतःच्या मुलखात कोंडवाडा तेव्हाच शेकडो वर्षांचा जुना झालेला होता.

तेव्हा आज आपण राजेरजवाड्यांचे किंवा लढायांचे बोलणार नाही. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गाय, कुंपणातून मोडून नेलेले सरपण, जाळ्यात धरलेला ससा, पोत्यात घातलेले बटाटे, असल्या बारीकसारीक गुन्ह्यांचे इंग्लंडच्या खेड्यात काय होत असे, आणि मुख्य म्हणजे निवाड्याला कोण बसत असे, ते पाहू. ‘कोण बसत असे’ हा प्रश्न ध्यानात ठेवा. कारण गुन्हे पुष्कळसे तेच राहिले, बसणारे मात्र बदलले.

तेराव्या-चौदाव्या शतकातले खेडे घेऊ. पोलीस नाही, फौजदार नाही, तुरुंग असला तर कुठेतरी दूर किल्ल्यात. मग बंदोबस्त कसा? देशाच्या बऱ्याच भागांत बारा वर्षांवरच्या पुरुषांचे दहा-दहांचे गट पाडलेले असत. गटातल्या एकाने काही आगळीक केली आणि तो पळाला, तर बाकीच्यांनी त्याला आणून उभा करायचा; नाही जमले तर दंड सगळ्यांनी भरायचा. शेजाऱ्याचा मुलगा रात्री कुठे जातो याकडे आपोआपच सगळ्यांचे लक्ष! १२८५ साली पहिल्या एडवर्ड राजाने विंचेस्टर येथे एक कायदा केला. उन्हाळ्याच्या दिवसांत गावाने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पहारा ठेवावा, वस्तीच्या मानाने चार किंवा सहा माणसे नेमावीत, अनोळखी मनुष्य आढळला तर सकाळपर्यंत अडकवून ठेवावा, असे त्यात होते. आपल्याकडे जागल्या करीत असे तेच काम तिथे पाळीपाळीने गाव करी.

चोर दिसला की ज्याने पाहिला त्याने आरोळी ठोकायची, आणि ती कानी पडली की प्रत्येकाने हातातले काम टाकून धावायचे. धावला नाही त्याला दंड. आणि गंमत बघा, उगाच आरोळी ठोकली तर ठोकणाऱ्यालाही दंड. नवराबायकोच्या भांडणात किंवा शेजारणींच्या वादात कोणी रागाच्या भरात गाव गोळा केला, तर पुढच्या सभेत त्याचाही हिशेब व्हायचा.

ही सभा म्हणजे गावच्या जहागीरदाराची न्यायसभा. साधारणपणे दर तीन आठवड्यांनी ती भरे आणि वर्षातून दोनदा मोठी सभा असे. जहागीरदार स्वतः क्वचितच येई. त्याचा कारभारी अध्यक्षाच्या जागी बसे. परंतु गुन्हा पुढे मांडणारे, तो खरा की खोटा हे शपथेवर सांगणारे आणि गावची वहिवाट काय आहे हे ठरवणारे पंच मात्र गावातलेच नांगरधारी. लेखक लॅटिन भाषेत कातड्याच्या गुंडाळीवर हकीकत लिहून घेई. अशा गुंडाळ्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. हेल्सोवेन या गावच्या १२७० पासूनच्या आहेत, यॉर्कशायरमधल्या वेकफील्डच्या १२७४ पासूनच्या.

त्या वाचणाऱ्याला वाटावे की आपण आपल्याच चावडीवर बसलो आहोत. याची गाय त्याच्या गव्हात शिरली, दंड दोन पेन्स. याने शेजाऱ्याचा बांध नांगराने कोरला, तीन पेन्स. हिने जहागिरीच्या रानातून लाकूड आणले. याने त्याला मारून रक्त काढले. हिने तिला भर रस्त्यात चोर म्हटले आणि शाबीत करता आले नाही. दोन, तीन, सहा पेन्स, क्वचित शिलिंगभर. शिक्षकमंडळींना ठाऊक आहेच, पण इतरांसाठी सांगतो : त्या काळी बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. दंडाचा आकडाही कारभारी एकटा ठरवीत नसे. गावातलेच दोन-तीन शपथ घेतलेले लोक माणसाची ऐपत बघून आकडा सांगत. गुंडाळीवर कित्येक ठिकाणी नावापुढे शेरा सापडतो, गरीब आहे, दंड माफ. ज्याच्या चुलीत काय शिजते ते ठरवणाऱ्याला ठाऊक आहे, तिथेच असा शेरा पडू शकतो.

दारूचा प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. सातूची दारू, ज्याला एल म्हणतात, ती तिथल्या थंड मुलखात रोजचे पेय. घरोघरच्या बायका ती गाळीत आणि उरलेली विकीत. भाव आणि माप सरकारने ठरवून दिलेले, आणि ते तपासायला गावातलेच चव घेणारे नेमलेले. आता गुंडाळ्या पाहिल्या तर सभेमागून सभा त्याच बायकांना तोच दंड झालेला दिसतो. सगळ्याच लबाड होत्या काय? तसे नव्हे. दंड ही एक पट्टीच होऊन बसली होती. वर्षाला दोन-चार पेन्स भरा आणि खुशाल विका. मधूनच चव घेणाऱ्यांनाही कामात कसूर केल्याबद्दल दंड झालेला आढळतो. चव घेता घेता त्यांचे काय होत असेल याचा तर्क श्रोत्यांनीच करावा.

हे सगळे ऐकून कोणी असे समजू नये की ते रामराज्य होते. दंडाचा पैसा गावाच्या पेटीत पडत नसे, जहागीरदाराच्या थैलीत जाई. बांधील कुळाला मुलीचे लग्न करायचे तर त्याच सभेत पैसे मोजून परवानगी घ्यावी लागे. दळण जहागीरदाराच्याच गिरणीत न्यायचे. घरात जाते सापडले की दंड. मालकाविरुद्ध राजाच्या न्यायालयात दाद मागायची सोय बांधील कुळाला नव्हती. माझे म्हणणे एवढेच, की गावकऱ्यागावकऱ्यांमधला तंटा तोडताना पंच त्यांच्यातलेच असत, आणि म्हणून शिक्षा पेन्सांत मोजली जाई.

ही झाली गावातल्या गावात मिटणारी प्रकरणे. चोरी जरा मोठी झाली की ती गावच्या हातून जाई. १२७५ च्या कायद्याने एक रेघ मारली होती. चोरलेल्या मालाची किंमत बारा पेन्सांपर्यंत असली तर ती लहान चोरी. त्यावर गेली की मोठी, आणि मोठ्या चोरीला फाशी. आता बारा पेन्स ही तेराव्या शतकात मोठी रक्कम होती. पुढे शतकामागून शतके गेली, भाव चढले, पैसा स्वस्त झाला. पण ती रेघ जिथल्या तिथेच. ती पुसली गेली १८२७ साली! म्हणजे साडेपाचशे वर्षांत एखाद्या घोंगडीची किंमतही बारा पेन्सांपलीकडे जाऊन पोचली, आणि घोंगडी चोरणारा फासाच्या दोरीखाली आला.

मग पंचांनी काय करावे? समोर ओळखीचा, पोराबाळांचा धनी उभा आहे. त्याने चोरी केली हे खरे. पण म्हणून लटकवायचा? पंच गंभीर चेहऱ्याने निर्णय देत : चोरी शाबीत, मालाची किंमत दहा पेन्स. कधी अकरा. मालधनी समोर बसून हात चोळीत राही. ब्लॅकस्टन नावाचा अठराव्या शतकातला मोठा कायदेपंडित होता. त्याने या प्रकाराला पुण्यासाठी घेतलेल्या खोट्या शपथेची उपमा दिली आहे. आरोपी फटके खाऊन घरी जाई. आणि पुढच्या काळात कित्येकांच्या नशिबी काळे पाणी आले तरी मान शाबूत राही.

आता चोर धरायचा कोणी? गावचा कॉन्स्टेबल. हा शब्द ऐकून निळ्या गणवेशाचा पोलीस मनात आणू नका. तो गावातलाच शेतकरी नाहीतर सुतार, वर्षभरासाठी नेमलेला, बिनपगारी. स्वतःचे काम सोडून चोरांमागे पळा, वॉरंट घेऊन हिंडा, आरोपीला पदरच्या खर्चाने दूरच्या तुरुंगात पोचवा आणि वर शेजाऱ्यांचा रोष ओढवून घ्या. पाळी आली की लोक चार पैसे देऊन बदली माणूस उभा करीत, तो बहुधा गावात ज्याला दुसरे काम नाही असा. शेक्सपिअरने ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकात डॉगबेरी नावाचा मूर्ख कॉन्स्टेबल रंगवला. प्रेक्षक पोट धरधरून हसले असतील, कारण घरोघरी तसा एक माहीत होता. पगारी पोलीस ठेवणे सगळ्या परगण्यांना सक्तीचे झाले ते १८५६ साली.

अठराव्या शतकातल्या खेड्याचे मन समजून घ्यायचे तर एका पाद्रीबुवांची रोजनिशी फार उपयोगी पडते. जेम्स वुडफर्ड त्यांचे नाव. सॉमरसेट परगण्यात जन्मले आणि पुढे नॉरफोकमधल्या वेस्टन लाँगव्हिल या खेड्यात धर्मोपदेशक झाले. खाण्यापिण्याचे शौकीन, मनाने सरळ. १७७७ च्या मार्च महिन्यात एका रात्री अकराच्या सुमारास, घरची मंडळी निजायच्या तयारीत असताना खिडकीखाली शीळ वाजली. सगळे दचकले. चोरटा व्यापार करणारा गावचा मनुष्य सहा रत्तल चहा घेऊन आला होता. जकात चुकवून आणलेला माल! पाद्रीबुवांनी त्याला पेलाभर जिन पाजली आणि रत्तलाला साडेदहा शिलिंग या भावाने पैसे मोजून दिले. शेतमजुराची आठवड्याची मजुरी त्या वेळी दहा शिलिंगांच्या आतच असे, हे लक्षात घ्या. आणि हे सगळे त्यांनी कसलाही संकोच न करता रोजनिशीत लिहून ठेवले.

त्याच साली जुलैत ते आपल्या जन्मगावाकडे गेले होते. शेजारच्या कॅसल कॅरी या लहानशा बाजारगावात त्यांनी दुसरे एक दृश्य पाहिले. बटाटे चोरणाऱ्या एका माणसाला गाडीच्या मागे बांधून फटके मारीत गावातून फिरवले जात होते. एका खानावळीपासून दुसरीपर्यंत, तिथून परत, पुढे गावाच्या दक्षिण टोकाच्या तिसऱ्या खानावळीपर्यंत, आणि पुन्हा पहिल्या जागी. जुना चोर म्हणून लोकांचा त्याच्यावर राग होता. फटके मारणाऱ्याने हात आखडता घेऊ नये म्हणून लोकांनी वर्गणी काढली, साडेसतरा शिलिंग! मारणारा म्हातारा होता, त्याच्याने फारसे झाले नाही. वुडफर्डबुवा लिहितात की त्या वर्गणीत आपण एक छदामही घातला नाही.

या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. चोरीच्या चहाला पाद्रीबुवांच्या दिवाणखान्यात जिनचा पेला, आणि चोरीच्या बटाट्याला भर रस्त्यात चाबूक. जकात बुडवणे हा गुन्हा आहे असे गावातल्या कोणालाच मनापासून वाटत नव्हते, मग तो गुन्हा करणाऱ्याला धरणार कोण? बटाटा मात्र शेजाऱ्याचा होता. कायद्याच्या पुस्तकात काय आहे ते एक, आणि गाव ज्याला चोरी म्हणते ते दुसरे. त्याच कॅसल कॅरीत १७७९ साली एक कोठडी बांधली गेली. दगडी, गोल, वर घुमट, आतून जेमतेम सात फूट रुंद. ती आजही उभी आहे. दारुड्यांना आणि किरकोळ चोरांना रात्रभर कोंडायचे आणि सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे, एवढेच तिचे काम.

हा मॅजिस्ट्रेट म्हणजेच ‘जस्टिस ऑफ द पीस’, आपल्या मुंबईकरांना ‘जे. पी.’ म्हणून परिचित असलेला. या पदाचा कायदा १३६१ साली तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीत झाला. जसजशी जहागीरदाराची जुनी सभा मागे पडली तसतसा हा मनुष्य पुढे आला. पगार नाही, कायद्याचे शिक्षण हवेच असेही नाही. पाहिजे काय तर जमीन. अठराव्या शतकात वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असल्याखेरीज या जागेवर बसता येत नसे. म्हणजे गावचा मोठा जमीनदार, नाहीतर सुखवस्तू पाद्री. लहान गुन्ह्यांचा निवाडा तो एकटा, पंचांशिवाय, पुष्कळदा स्वतःच्या बैठकीच्या खोलीत बसून करी.

आता कोणी म्हणेल, मग तो जुलूमच करीत असणार. तसेही सरसकट म्हणता येत नाही. विल्टशायरमधल्या विल्यम हंट याने १७४४ ते १७४९ पर्यंत ठेवलेली निवाड्यांची वही आहे. डरहॅम परगण्यातल्या बोल्डन गावचे पाद्री एडमंड ट्यू यांची १७५० ते १७६४ पर्यंतची आहे. मारामारी, शिवीगाळ, मालकाने थकवलेली मजुरी, अशा तक्रारी एकामागून एक येतात आणि कितीतरी नोंदींचा शेवट एकच : दोघांचे मिटले. मॅजिस्ट्रेटने दोघांना बोलावले, समजावले, थोडा दम दिला, आणि दोघे घरी गेले. ट्रॅफिकच्या दंडाप्रमाणे पावती फाडणारा तो मनुष्य नव्हता. उद्या चर्चमध्ये दोघेही आपल्यासमोर बसणार आहेत हे त्याला माहीत होते.

पण गोष्ट त्याच्या स्वतःच्या पानातल्या घासावर आली, की न्यायाचा नूर पालटायचा. तो घास म्हणजे शिकार. १६७१ च्या कायद्याने ससा, तितर आदी शिकार करण्याचा हक्क मुख्यतः वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यांनाच उरला. पार्लमेंटच्या निवडणुकीत परगण्यात मत द्यायला चाळीस शिलिंगांची जमीन पुरत होती. शिक्षकबंधूंनी मुलांना हे गणित जरूर घालावे : चाळीस शिलिंग म्हणजे किती पौंड, आणि शंभर पौंड त्याच्या किती पट? राज्य कोणी करावे हे ठरवायला जेवढी जमीन लागे, तिच्या पन्नास पट जमीन एक तितर मारायला हवी होती! हा हिशेबही ब्लॅकस्टननेच मांडून ठेवला आहे.

याचा अर्थ असा, की खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत ससे पीक खात असताना नुसते पाहत बसायचे. (सशांपासून आपले पीक राखण्याचा पक्का हक्क खंडकरी शेतकऱ्याला मिळाला तो १८८० साली.) आणि मजुराने फास लावून एक ससा धरला, तर १७०७ च्या कायद्याने दंड पाच पौंड. ज्याला आठवड्याला सात-आठ शिलिंग मिळतात तो पाच पौंड कुठून आणणार? मग तीन महिने कैद. दंडाचा निम्मा भाग चहाडी करणाराला. साक्षीला एक माणूस पुरे. आणि निवाड्याला बसणार कोण? ज्याच्या रानातला तो ससा तोच, नाहीतर त्याचा शेजारी, काल ज्याच्याबरोबर तो शिकारीला गेला होता तो. १८१६ साली रात्री जाळे घेऊन सापडलेल्या माणसाला सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठेवण्यात आली. इतके करूनही भागेना म्हणून रानात अशा बंदुका लपवून ठेवीत, की तारेला पाय लागला की गोळी सुटायची. ती चोराला लागते की रानात लाकडे वेचणाऱ्या पोराला, हे बंदुकीला काय कळणार? १८२७ साली त्यांना बंदी झाली.

खेड्यातल्या लोकांनी चोरटी शिकार कधीच पाप मानली नाही. ससा कुणी पाळलेला नसतो, तो आज या शेतात तर उद्या त्या, देवाने सोडलेला, असे त्यांचे म्हणणे. शेजाऱ्याची कोंबडी चोरणाऱ्याला जे गाव वाळीत टाकी, तेच गाव ससा मारणाऱ्याला दार उघडून लपवी.

याच सुमारास गावची गायराने आणि सामाईक रानेही कुंपणात जात होती. १६०४ ते १९१४ पर्यंत पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक विधेयकांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन अशी खाजगी केली. इंग्लंडच्या एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक. ज्या रानातून आजी सरपण आणीत असे, त्याच रानातून नातीने आणले तर ती चोर. नातीने काही नवे केले नव्हते. मध्ये एक कुंपण आले होते.

सरव्याची गोष्ट तर आपल्या सर्वांना जवळची वाटेल. पीक कापून नेल्यावर शेतात सांडलेली कणसे वेचायची, तो सरवा. इंग्लंडच्या खेड्यातही गरिबांच्या बायकामुलांचा हा पिढीजात धंदा होता. जुन्या न्यायसभांनी त्याचे नियमही घालून दिले होते : धडधाकट माणसाने मजुरी सोडून सरवा वेचू नये, रात्री शेतातून धान्य हलवू नये. कित्येक गावांत चर्चची घंटा वाजल्यावरच वेचायला सुरुवात व्हायची, म्हणजे म्हातारीला आणि लेकुरवाळीलाही सारखी संधी मिळे. पूर्व भागात शेतकरी शेतात शेवटची एक पेंढी उभी ठेवी. तिला लोक ‘पोलीस’ म्हणत. पोलीस उभा आहे तोवर शेतात पाऊल टाकायचे नाही; तो हलला की सगळ्या धावल्या! मन लावून वेचणाऱ्या बाईच्या घरी हिवाळ्यातल्या कित्येक आठवड्यांच्या भाकरीची सोय होई.

सफोकमधल्या टिमवर्थ गावी जमीनमालकाने मेरी हॉटन नावाच्या बाईवर फिर्याद केली, की ती आपल्या शेतात शिरून सरवा वेचते. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. १७८८ साली चार न्यायाधीशांपैकी तिघांनी निकाल दिला, की सरवा वेचण्याचा कोणालाही कायद्याने हक्क नाही. ती मालकाची मेहेरबानी. चौथे न्यायमूर्ती गूल्ड यांचे मत उलट पडले. धर्मग्रंथात गरिबांसाठी कणसे सोडायला सांगितले आहे आणि देशाची वहिवाटही तीच आहे, असा त्या बाजूचा आधार होता. पण तीनापुढे एकाचे काय चालणार? बाई हरली.

आणि नंतर काय झाले? घंटा वाजतच राहिल्या. निकालानंतर शंभर वर्षे गावोगाव बायका पूर्वीसारख्याच सरवा वेचीत राहिल्या. अडवणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर त्या जमावाने धावून जात. एखाद्याने कोर्टाचा निकाल दाखवलाच, तर पुढच्या सुगीला त्याला मजूर कुठून मिळणार? लंडनचा कायदा लंडनला राहिला म्हणा ना. मला या हकीकतीत मेरी हॉटनइतकेच त्या निनावी बायकांचे कौतुक वाटते.

मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कोण बसले आहे हा प्रश्न साऱ्या देशापुढे उघडा पडला तो १८७३ साली, ऑक्सफर्डशायरमधल्या ॲस्कॉट-अंडर-विचवुड या खेड्यामुळे. जोसेफ आर्च याच्या पुढाकाराने आदल्या वर्षी शेतमजुरांचा संघ उभा राहिला होता. ॲस्कॉटच्या एका शेतकऱ्याचे मजूर संपावर गेले. त्याने शेजारच्या गावाहून दोन पोरगे कामाला आणले. गावातल्या बायका वाटेत उभ्या राहिल्या आणि त्या पोरांना कामावर जाऊ नका म्हणून सांगू लागल्या. सोळा बायकांवर खटला झाला. चिपिंग नॉर्टनला निवाड्याला बसले होते दोन मॅजिस्ट्रेट, दोघेही पाद्री. शिक्षा सात ते दहा दिवस सक्तमजुरी. त्यांतल्या काहींच्या अंगावर पिणारी मुले होती, ती आयांबरोबर तुरुंगात गेली. गावात दंगल उसळली, पोलीस ठाण्याच्या काचा फुटल्या, आणि बायकांना रातोरात गाडीत घालून ऑक्सफर्डला न्यावे लागले.

दिवस मोजून दहा, पण बोभाटा देशभर झाला. खुद्द लॉर्ड चॅन्सेलरनेही त्या दोघा मॅजिस्ट्रेटांकडे खुलासा मागितला. रविवारी ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे, सोमवारी त्यानेच तुरुंगात धाडायचे, ही गोष्ट लोकांना झोंबली. ज्या कायद्याखाली त्या बायकांना धरले होते तो १८७५ साली रद्द झाला. मॅजिस्ट्रेट होण्यासाठी जमिनीची अट १९०६ मध्ये गेली. १९१९ मध्ये बायकांना त्या खुर्चीवर बसण्याची मोकळीक मिळाली. पद मात्र आजही आहे, आणि बसणारे आजही बहुतांशी बिनपगारी नागरिकच आहेत.

जुन्या जहागिरी सभांचे काय झाले ते सांगून थांबतो. जमिनी कुंपणात गेल्या तशा त्या एकेक करून मोडल्या; काही नुसत्या समारंभापुरत्या उरल्या. परंतु नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन या खेड्यात मात्र ती खरोखरीचे काम करीत राहिली. कारण तिथली शेते कुंपणात गेलीच नाहीत. जुन्या पद्धतीची मोठी उघडी शिवारे, त्यांत निरनिराळ्या शेतकऱ्यांचे पट्टे, आणि मध्ये गवताच्या सामाईक पट्ट्या. गाव पूर्वी अर्ल मॅन्व्हर्स या सरदारघराण्याकडे होते. १९५२ साली ते सरकारच्या शेतकी खात्याने विकत घेतले, १९८१ मध्ये राजमुकुटाच्या मिळकतीकडे गेले आणि २०२० साली त्या घराण्याच्या थोर्स्बी इस्टेटीकडे परत आले. मालक इतके बदलले, सभा चालूच आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस गव्हाची पेरणी झालेल्या शिवारात पंच जातात. सगळे तिथलेच शेतकरी. पट्ट्यांच्या हद्दीला नव्या खुंट्या ठोकतात. कोणाचा नांगर गवताच्या पट्टीत शिरला आहे, कोणी रस्त्याची कड खाल्ली आहे, कोणाचा चर बुजला आहे, ते पाहून लिहून घेतात. बूट चिखलाने जड झालेले असतात. मग दुपारी गावच्या खानावळीत जेवण. आठवड्याने त्याच खानावळीत सभा भरते. कारभारी बसतो, यादी वाचली जाते, बांध कोरणाऱ्याला दंड होतो. दंड फार तर काही पौंड. झोंबतो तो आकडा नव्हे, सगळ्यांसमोर नाव वाचले जाणे. त्याच बैठकीत पुढच्या वर्षीच्या शिवारासाठी नवे पंच शपथ घेतात. आज ज्याने मान खाली घालून दंड भरला, तोही त्यांत असू शकतो.